उशाशी बसणारा

"आत्याबाई, गुप्त व्रत असतं का हो?"

आत्याबाईंनी डोळे उघडले. खाटेवर त्या कुशीवर पडल्या होत्या. पाठीवर निजणं आता त्यांना होत नसे.

"गुप्त दान असतं," त्या म्हणाल्या. "व्रत कसं गुप्त असेल?"

"म्हणजे... कुणाला न सांगता करायचं. आपलं आपण."

"कशासाठी?"

डॉक्टर निरंजन हेर्लेकर खुर्चीत जरा पुढे सरकला.

दत्ताच्या मठाची ती पडवी. समोर कृष्णेचा घाट, भर दुपारचा, जवळजवळ रिकामा. आत इंदूताई नैवेद्याची भांडी घासत होत्या.

आत्याबाई ऐन तारुण्यात, नवरा गेल्यावर, या मठात आल्या आणि इथल्याच झाल्या. दीक्षा घेतली नाही, गादीवर बसल्या नाहीत. पण आसपासच्या गावांत लग्न ठरो की भांडण होवो, माणसं आधी त्यांच्यापाशी येऊन बसत. निरंजनची मुंज याच पडवीत लागली होती. त्याच्या झोळीत पहिली भिक्षा आत्याबाईंनी घातली होती.

आता त्यांच्या हाडांत कर्करोग उतरला होता. आणि निरंजन शहरातल्या मोठ्या दवाखान्यात भूल देणाऱ्या डॉक्टरांचा प्रमुख झाला होता. दवाखान्यातलं काम उरकलं की तो रोज दुपारी गाडी काढून मठात येई आणि आत्याबाईंना दुखणं शमवणारं इंजेक्शन देई. रात्रीपुरत्या गोळ्या होत्या, पण खरा आधार त्या इंजेक्शनचाच.

लोक म्हणत, शिष्य असावा तर असा.

"एक सवय लागलीय," निरंजन शेवटी म्हणाला. "सोडायची आहे. मी सोडू शकतो. फक्त संकल्पाचं बळ हवं."

"कसली सवय?"

"त्याला तसं महत्त्व नाही."

"मग सोडायची कशाला?"

तो हसला. हसू ओठांपाशीच थांबलं.

"औषध आहे एक. आमच्या कपाटातलंच. आधी पाठ दुखायची म्हणून घेतलं. मग झोप यावी म्हणून. मग... कशासाठीच नाही. पण मी सगळं आखलंय. रोज थोडं थोडं कमी करत जायचं. मात्रा मला कळते, आत्याबाई. माणसाला नेमकी मात्रा देणं हेच माझं काम."

"असं आखलंस, ते पहिल्यांदाच?"

निरंजन घाटाकडे बघू लागला.

"बायकोला ठाऊक आहे? मधुराला?"

"तिला वाटतं, कामाचा ताण आहे. पोरं म्हणतात, बाबा सदा झोपेत असतो."

घाटावर कुणीतरी धुणं आपटत होतं. आत्याबाई तो आवाज ऐकत राहिल्या.

"हरतालिकेला बायका इथं जमतात. कशासाठी जमतात, सांग बरं?"

"जागरणासाठी."

"जागरण घरी होत नाही? वाळूची पिंड घरी मांडता येते. पत्री परड्यात मिळते."

"मग?"

"एकटी बसली की डोळा लागतो. कितीही भक्ती असू दे, मान पडतेच. शेजारणीनं ढोसलं की परत सरळ होते. मग ती शेजारीण पेंगते, हिनं तिला ढोसायचं..." त्या थांबल्या. दुखण्याची कळ येऊन गेली असावी. "भक्ती कमी पडते म्हणून नव्हे रे. देह आहे म्हणून."

"मी काय हरतालिकेची पोर आहे?"

"छे. पोरी खऱ्या असतात. पेंगल्या तर पेंगले म्हणतात."

निरंजननं मान खाली घातली.

"परवा मी पेंगलो," तो म्हणाला.

"कुठं?"

"ऑपरेशन चाललं होतं. बाई टेबलावर होती. मी उशाशी बसलो होतो... यंत्र ओरडत होतं म्हणे. मला ऐकूच आलं नाही. लिलियन सिस्टरनी खांदा धरून हलवलं, तेव्हा बाईचे ओठ निळे पडायला लागले होते."

"वाचली?"

"वाचली. तिला काही कळलंसुद्धा नाही."

"आणि सिस्टर काय म्हणाल्या?"

"कुणाला बोलल्या नाहीत. माझा फार आदर करतात त्या."

"आदर," आत्याबाई म्हणाल्या. कडू काढा जिभेवर घोळवावा तसा त्यांनी तो शब्द घोळवला. "उद्या काय आहे तुझ्याकडे?"

"उद्या सकाळी सिझेरियन आहे. पहिलटकरीण."

"उशाशी तूच बसणार."

"मीच."

"तिथं बसून तू करतोस काय?"

हा प्रश्न त्याला सोपा वाटला. तो खुर्चीत सरळ झाला.

"सर्जन जखम बघतो, मी श्वास बघतो. त्याचं काम संपलं की तो चहाला जातो. मी हलत नाही. रुग्ण जागा होऊन आपलं नाव सांगेपर्यंत त्याची उशी सोडायची नाही. हा आमचा धर्मच आहे."

"तुझं पित्ताशय काढलं तेव्हा तुझ्या उशाशी कोण होतं?"

"रेहाना मॅडम. रेहाना मुल्ला. आमच्या गुरू. सगळं मी त्यांच्याकडूनच शिकलो. निवृत्त झाल्या होत्या, तरी माझ्यासाठी आल्या."

"त्यांना कशाला त्रास? तुझी भूल तूच घ्यायचीस. मात्रा तर तुला कळते."

"काहीतरीच काय, आत्याबाई! झोपलेल्या माणसानं स्वतःचा श्वास कसा बघायचा?"

बोलून गेल्यावर तो थांबला.



...

"त्या रेहानाबाई आता काय करतात?"

"बैठक घेतात. डॉक्टरांची, सिस्टरांची. कुणाची दारू सुटत नाही, कुणाला गोळ्या लागल्यात, कुणाला झोप नाही, कुणाच्या मनात जीव द्यायचं येतं... त्यांना एकत्र बसवतात. उपचाराला नेतात. त्यांची जागा राहावी म्हणून वरिष्ठांशी भांडतात."

"मग तू का जात नाहीस?"

"मी?" तो ताडकन म्हणाला. "मी विभागाचा प्रमुख आहे. तिथं जाणारा माणूस कँटीनमध्ये आला की टेबलावरचं बोलणं कसं थांबतं, ते मला ठाऊक आहे."

"कुणाचं थांबतं?"

"...माझंही."

"बैठक कधीपासून चालू आहे?"

"वर्ष झालं. तन्वी गेली तेव्हापासून."

"ही तन्वी कोण?"

निरंजन उठला, पडवीच्या कडेपर्यंत गेला आणि घाटाकडे तोंड करून उभा राहिला. पुढचं तो तसाच बोलला, पाठमोरा.

"माझ्या हाताखाली शिकत होती. सलग ड्यूट्या असायच्या तिच्या. रडली की मी म्हणायचो, आम्हीही असंच केलंय, सहन करायला शिक... एकदा सकाळी ती दिसेना. विश्रांतीच्या खोलीत गेलो. कॉटवर पडली होती, गार. पायाच्या बोटांच्या बेचक्यात सुई तशीच होती."

"मग?"

"सुई काढली. खिशात घातली. मोजा चढवला. मग बाहेर येऊन सगळ्यांना हाका मारल्या. म्हणालो, हार्ट अटॅक."

"मोजा का चढवलास?"

"नाव राहावं म्हणून तिचं. आईवडील यायचे होते."

"आणि तिच्यासारखी आणखी कुणी असेल, तिचं काय?"

त्यानं पडवीचा खांब धरला.

"निरंजन."

"हं."

"तुझा मोजा कोण चढवील?"

घाटावरचं धुणं संपलं होतं. नदीचा तेवढा आवाज राहिला.

निरंजन वळला. चेहरा पुसून आल्यासारखा कोरा होता.

"तुमच्या इंजेक्शनची वेळ झाली," तो म्हणाला, आणि पिशवीतून स्टीलची डबी काढली. डबीत सिरिंज होती. भरलेली.

"आज भरूनच आणलंस?"

"वेळ वाचावा म्हणून."

भांड्यांचा आवाज थांबला. ओले हात पदराला पुसत इंदूताई बाहेर आल्या. कितीतरी वर्षं त्या मठाची चूल आणि आता आत्याबाईंचं दुखणं, दोन्ही त्याच सांभाळत होत्या.

"डॉक्टरसाहेब, औषध जरा वाढवा की. लई कण्हतात बाई. तुम्ही गेलात की पदर तोंडात धरून पडतात. मला बघवत नाही."

"सांगितलं ना, इंदूताई. रोग वाढला की औषध कमी पडतं. शरीराला सवय होते."

"शरीराला सवय होते," आत्याबाई म्हणाल्या. "खरं आहे ते."

त्यांनी हात पुढे केला. हात कसला, काठीच. निरंजननं दंडाला पट्टा बांधला. स्पिरिटचा बोळा फिरवला. त्याची बोटं मात्र सराईत होती, जराही थरथरत नव्हती.

"थांब. टोचायच्या आधी एक सांगते."

"सांगा."

"दिवाळीत तू पहिलं इंजेक्शन दिलंस ना, तेव्हा मला अशी झोप लागली, अशी लागली की या इंदूनं घाबरून नाकाशी कापूस धरला."

"धरला हुता," इंदूताई म्हणाल्या. "मला वाटलं, गेल्या बाई."

"पौष लागल्यापासून काय होतं बघ. तू भिंतीकडे तोंड करून औषध भरतोस. मला टोचतोस. मग मागं हात धुवायला जातोस. येतोस, या खुर्चीत बसतोस..." त्यांनी श्वास घेतला. "आणि झोप तुला लागते."

सुई कातडीच्या वर तशीच थांबली.

"इंजेक्शन मला. झोप तुला."

...

इंदूताईंना कळायला क्षणभर लागला. मग त्यांच्या तोंडून शब्द फुटले ते पेटूनच.

"मुडद्या! अरं, ही बाई पदर चावून पडते हितं... मी देवापुढं डोकं आपटते, औषध लागू पडू दे म्हणून... आणि तू? तुझ्या मुंजीचं लाडू हिनं वळलं रं!"

"इंदू."

"न्हाई, बोलू द्या मला..."

"इंदू. बस इथं."

इंदूताई खाली बसल्या. पदरात तोंड घालून रडायला लागल्या.

निरंजननं दंडाचा पट्टा सोडला.

"तुम्हाला माहीत होतं..."

"होतं."

"पौषापासून? मग बोलला का नाहीत? दुखणं का सोसलंत?"

"बोलले असते तर तू यायचा थांबला असतास. दुसरीकडे कुठं तरी दार लावून घेतलं असतंस." त्या शांतपणे म्हणाल्या. "इथं निदान माझ्यासमोर पेंगायचास. मी बघत पडायचे."

"काय बघत?"

"छाती हलते का ते."

निरंजन खाटेपाशी, जमिनीवर, पाय दुमडून बसला. सिरिंज अजून हातात होती.

"यात औषध नाही, आत्याबाई."

"हं."

"पाणी आहे. बाहेर चिंचेखाली गाडी लावली आणि गाडीतच... आज सगळंच. तुमच्यासाठी थोडंसुद्धा ठेवलं नाही."

आत्याबाईंनी डोळे मिटले. पुढचे सगळे तास त्यांना त्या क्षणात दिसले असावेत. मग डोळे उघडले.

"ते पाणी तळहातावर घे."

"अं?"

"उजव्या. ओंजळीसारखा कर हात."

त्यानं सुई काढून डबीत ठेवली आणि सिरिंजमधलं पाणी तळहातावर सोडलं. घोटभरही नव्हतं ते. तळव्याच्या खळग्यात हललं, स्थिरावलं.

"संकल्प सोडताना गुरुजी काय म्हणायला लावतात?"

"नाव. गोत्र. गाव. आणि... कशासाठी ते."

"मनातल्या मनात?"

निरंजननं वर पाहिलं. मुंजीच्या दिवशी मंत्र विसरला होता, तेव्हा असंच पाहिलं असेल त्यानं.

"मोठ्यानं," तो म्हणाला.

"इंदू, याच्या खिशातला फोन काढ. रेहानाबाईंना लाव. सगळ्यांना ऐकू येईल असा लाव."

"आत्याबाई, नको. उद्या बोलतो मी. आज मधुराशी बोलतो, उद्या सकाळी..."

"उद्या सकाळी तू एका पहिलटकरणीच्या उशाशी बसणार आहेस."

फोन वाजू लागला. इंदूताईंनी तो दोन्ही हातांनी त्याच्या तोंडासमोर धरला. डोळे पुसायला त्यांना हात उरला नाही.

"बोल निरंजन," पलीकडून आवाज आला. दमलेला, मायेचा.

तळहातावरचं पाणी हललं.

"मॅडम... मी निरंजन हेर्लेकर. मठात आहे, कृष्णेकाठी. मी... रुग्णांचं औषध घेतो. वर्षाहून जास्त झालं. आज आत्याबाईंचंही घेतलं. मला थांबता येत नाही."

बोटं सुटली. पाणी जमिनीवर गेलं.

पलीकडून लगेच प्रश्न आला.

"आज कधी घेतलंस?"

"तासाभरापूर्वी."

"गाडीची किल्ली जवळ आहे? औषधाच्या कपाटाची?"

"आहे."

"तिथं जे कोण आहेत त्यांच्याकडे दे. दोन्ही. आणि शेजारी कोण आहे? माझं ऐकताय का?"

"ऐकतीय मी. इंदू," इंदूताई म्हणाल्या.

"इंदूताई, मी ॲम्ब्युलन्स घेऊन निघालेय. त्याला एकटं सोडायचं नाही. संडासालासुद्धा दार लावू द्यायचं नाही. त्याला बोलतं ठेवा. डोळा लागलाच तर कुशीवर निजवा, आणि उशाशी कुणीतरी जागं हवं. श्वास मंद वाटला तर हलवायचं, चिमटे काढायचे, पण उठवायचं. आणि लगेच मला फोन. जमेल?"

"जमंल. लई जोरात काढते मी चिमटा."

"आत्याबाईंचं औषधही आणते. उद्याच्या ऑपरेशनला दुसरं माणूस उभं करणं माझ्याकडे. निरंजन..."

"मॅडम."

"तन्वीचा मोजा उलटा होता."

निरंजननं फोनकडे पाहिलं.

"शिवण बाहेर आली होती. मी पाहिलं होतं, आणि कुणी चढवला असेल तेही ओळखलं होतं. तेव्हाच तुझ्यासमोर येऊन बसायला हवं होतं मी. बैठक मांडून वाट बघत राहिले... चुकलं माझं. येते."

फोन बंद झाला.

इंदूताईंनी हात पुढे केला. निरंजननं किल्ल्या दिल्या. त्यांनी त्या पदराच्या टोकाला बांधल्या, गाठ दोनदा ओढून पाहिली. मग आत जाऊन चटई आणली, आणि एक उशी. उशी खाली ठेवताना जरा आपटलीच, पण ठेवली.

"पड," त्या म्हणाल्या. "कुशीवर, त्या मॅडम म्हणाल्या तसा."

निरंजन आत्याबाईंच्या खाटेला लागून आडवा झाला. गाडीत टोचून घेतलेलं औषध आता त्याला खाली ओढत होतं.

"सगळ्यांना कळेल, आत्याबाई."

"कळेल."

"परत त्या जागी बसू देतील मला?"

"ठाऊक नाही."

"बसू दिलं नाही तर?"

खोटं बोलायचं आत्याबाईंनी कधीच सोडलं होतं, बऱ्यासाठीसुद्धा.

गाभाऱ्यातलं निरांजन वाऱ्यानं फडफडलं. इंदूताई आत जाऊन त्यात तूप घालून आल्या आणि निरंजनच्या पायाशी बसल्या. एक हात त्याच्या घोट्यावर ठेवला. रागानं की मायेनं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

दुखण्याची वेळ आता झाली होती. आत्याबाईंच्या कपाळावर घाम दिसू लागला. त्यांनी पदराचं टोक उचललं, दातांत धरलं... आणि जरा वेळानं काढलं.

"आत्याबाई..." त्याची जीभ जड झाली होती. "फार दुखतंय का हो?"

खाटेवरून त्यांचा हात खाली आला, चाचपडत. त्याच्या केसांवरून, कपाळावरून उतरला आणि नाकाशी येऊन थांबला. उलट्या बोटांना त्याचा श्वास लागत होता.

"तू नीज," त्या म्हणाल्या. "मी काय, जागीच असते."